रिकाम्या घरातलं शून्य

मला फोरट्रान येत नाही, हे आमच्या फार्मवर सगळ्यांना दिसत होतं. दिसत नव्हतं ते फक्त मला. चोविसावं वर्ष, संख्याशास्त्रातली एम.एस्सी., खांद्याला चामड्याची पर्स, आणि हसनाबादेतून उठून कॉम्प्युटरपुढं बसणारी आपल्या घरातली आपण पहिलीच, हा तोरा. आता आजी झाल्यावर मला कधीकधी वाटतं, त्या पोरीला पुढ्यात बसवावं आणि दोन गोष्टी सुनवाव्यात. पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती. ऐकणारी असती तर हे लिहायची वेळच आली नसती.

नव्वद सालाच्या आगेमागेची गोष्ट. जालन्याच्या बाहेर एका बियाणे कंपनीचं संशोधन फार्म होतं. तिथं मुख्य काम बाजरीचं. नवे वाण तयार करायचे आणि त्यांची परीक्षा घ्यायची. परीक्षा म्हणजे काय, तर प्रत्येक वाण चार वाफ्यांत पेरायचा, शेताच्या चार वेगवेगळ्या भागांत. एखाद्या कोपऱ्यातली जमीन भारी निघाली म्हणून वाणाला फुकटचं कौतुक मिळू नये, यासाठी. काढणीला चारही वाफ्यांचं धान्य वेगळं तोलायचं, सरासरी काढायची, आणि कोणता वाण ठेवायचा, कोणता काढून टाकायचा ते ठरवायचं. हे गणित हातानं करायला दीड-दोन महिने लागायचे. त्यासाठी मला घेतलं होतं. सहा महिने बघू, जमलं तर कायम, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

साहेब पुण्याकडचे. बाजरीत मुरलेले, पण स्वभावानं उतावीळ. मी लागून महिना झाला नाही तोच कंपनीनं कॉम्प्युटर पाठवला. हिरव्या अक्षरांचा, जड. त्याला वेगळी खोली, वेगळा पंखा, चपला बाहेर. साहेबांनी त्याला नारळ फोडला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, हे आता तुमचं. फोरट्रान शिकून घ्या. सगळ्या संशोधन केंद्रांत त्याच भाषेत गणितं करतात. बाजरी निघायच्या आत तयार पाहिजे."

"हो सर," मी म्हणाले. ह्या दोन शब्दांवर लक्ष ठेवा. पुढं ते परत येणार आहेत.

औरंगाबादला आठ दिवसांचा वर्ग होता. सात दिवस फळ्यावर शिकवलं आणि आठव्या दिवशी दहा मिनिटं मशीनला हात लावू दिला. ते पोहण्याचा वर्ग ओसरीवर घेतल्यासारखं होतं. पण मी वही भरून आणली. चौकटीचा कागद घ्यायचा, प्रत्येक चौकटीत एकच अक्षर. ओळीच्या पहिल्या घरात 'सी' लिहिला तर ती ओळ मशीन सोडून देतं, ती फक्त माणसांनी वाचायची असते. खरी आज्ञा लिहायची सातव्या घरापासून. पहिली सहा घरं रिकामी. हे सगळं माझ्या वहीत लाल शाईनं लिहिलेलं होतं, आणि जालन्याला परत येऊन मी पहिला प्रोग्राम लिहिला तो पहिल्या घरापासून. पाच ओळींचा प्रोग्राम. मशीननं अकरा चुका काढल्या.

मी साहेबांना सांगितलं, "व्होल्टेज कमी पडतंय."

साहेबांनी वायरमन बोलावला. वायरमननं सगळं तपासून व्होल्टेज बराबर असल्याचं सांगितलं. तरी मी दोन दिवस व्होल्टेजच धरून बसले होते. आपण चुकू शकतो ही शक्यता मला तेव्हा फार दूरची वाटायची, नांदेडच्याही पलीकडची.

ती चूक काढली मामांनी. मामा म्हणजे फार्मवरच्या बाजरीचे कारभारीच. धावड्याचे, पंचावन्न-छप्पन्न वर्षांचे, चौथी शिकलेले. आठवडाभर फार्मवरच राहायचे आणि शनिवारी एसटीनं गावाकडं जायचे. सगळे त्यांना मामाच म्हणत, साहेबसुद्धा. ते कसल्याशा पावत्या द्यायला खोलीत आले, दाराशी चपला काढल्या आणि माझ्या चौकटीच्या कागदाकडं बघत उभे राहिले.

"बाई, हे लाल शाईनं काय लिव्हलंय? सहा घरं सोडायचे म्हणून?"

"तो मशीनचा नियम आहे, मामा. तुम्हाला नाही कळायचं."

"न्हाई, कळलं ना. काठाच्या वळी सोडतो तसं. वाफ्याच्या काठची बाजरी आपण धरतो का मोजायला? न्हाई धरत." मग हळूच म्हणाले, "पण तुम्ही तर सोडल्याच न्हाईत. काठापासूनच पेरून राह्यल्या."

मी म्हणाले, "ते मी मुद्दाम केलंय." आणि ते गेल्यावर गुपचूप सगळ्या ओळी सहा घरं आत सरकवल्या. अकराच्या अकरा चुका गेल्या. मी मामांना ना त्या दिवशी सांगितलं, ना पुढच्या महिन्यात.

त्यानंतरची फजिती सरासरीची. मी सरासरीला नाव दिलं होतं 'एम'वरून सुरू होणारं. आता ह्या भाषेची एक खोड अशी, की काही ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी नावं फक्त पूर्ण आकडे ठेवतात, आणि 'एम' त्यातलंच. पुढचा दशांश ती भाषा टाकून देते. चूक म्हणत नाही, ओरडत नाही. मी मागच्या वर्षीचे आकडे घालून बघितले तर फार्मवरच्या प्रत्येक वाणाचं उत्पन्न एकतर दोन किलो, नाहीतर तीन किलो.

साहेब कागद हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. "सगळेच सारखे? मग मी दहा वर्षं इथं काय केलं?"

दोन दिवसांनी मला कारण सापडलं. तेव्हा खरं तर मला एक गोष्ट कळायला हवी होती: हे मशीन चुकीचं काम गप्प बसून करतं. पण मला कळलं ते एवढंच, की नाव 'एम'वरून ठेवायचं नाही.

आता मामांच्या बाजरीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबणार आहे.

त्याच्या सात वर्षं आधी मामांना एका ओळीत एकच वेगळं झाड दिसलं होतं. कणीस घट्ट, आणि त्याला केस. बारीक, ताठ केस, त्यामुळं पाखरं चोच घालायला बिचकत. मामांनी साहेबांना विचारून त्याचं बी वेगळं ठेवलं. दरवर्षी दुसऱ्या वाणाचा पराग लागू नये म्हणून कणसांना कागदी पिशव्या घालायच्या, चांगलं तेवढं निवडायचं, परत पेरायचं. सात हंगाम. त्या वर्षी ती बाजरी पहिल्यांदा मोठ्या परीक्षेला बसली होती, तेवीस नंबरचा वाण म्हणून. ती पुढं गेली असती तर साहेबांच्या जाड रजिस्टरात तिची नोंद झाली असती, आणि 'निवड कोणी केली' ह्या रकान्यात मामांचं नाव लागलं असतं. पगार काही वाढणार नव्हता. पण त्या रकान्यात तोवर फक्त साहेबलोकांची नावं होती.

मामा त्याबद्दल फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "बाई, रजिस्टरात नाव आलं तं मला एकदा दाखवसान. मी वाचीन. तेवढं वाचता येतं मला."

काढणी झाली. खळ्यावर वही मामांकडं असे. कणसं मोजताना ते कधी 'एक' म्हणत नसत. "लाभ, दोन, तीन, चार..." खळ्यावर बसलेला माणूस पहिल्याला लाभच म्हणतो, आमच्या हसनाबादेतही वडील तसंच मोजायचे. आणि दुसरं म्हणजे खळ्याच्या वहीत शून्य लिहायचं नाही. धान्य समोर असताना काळी आई नाही म्हणाली असं कागदावर आणायचं नसतं. जिथं काही आलं नसेल तिथं घर मोकळं सोडायचं. त्या हंगामात काढणीच्या चार दिवस आधी फार्मच्या कुंपणातून डुकरं शिरली होती आणि एक अख्खा वाफा त्यांनी लोळवला होता. तो वाफा तेवीस नंबरचा. मामांनी त्याच्या पुढचं घर मोकळं सोडलं आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'डुकरं'.

मी वही घेतली आणि आकडे मशीनमध्ये घातले. प्रत्येक आकड्याला चार घरं, ह्या शिस्तीनं. जिथं वहीत रिकामं होतं तिथं मीही चार घरं रिकामी सोडली. बाजूचं 'डुकरं' वाचलं की नाही, आठवत नाही. वाचलं असेल तरी डुकरांसाठी माझ्या प्रोग्राममध्ये जागा नव्हती.

तीन दिवसांत निकाल. दीड महिन्याचं काम तीन दिवसांत! साहेबांनी पेढे मागवले. मी फक्त सरासऱ्या छापल्या होत्या, चांगल्यापासून वाईटापर्यंत, सुबक. आत घातलेले आकडे छापले नव्हते, कारण त्यानं कागद लांब झाला असता आणि चांगला दिसला नसता. तेवीस नंबर खालून दुसरा होता.

साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं. साहेब कागदावरून बोट फिरवत होते आणि मामा टोपी हातात घेऊन उभे.

"मामा, तुमची तेवीस नाही चालली."

मामा म्हणाले, "साहेब, तिचा येक वाफा डुकरांनी खाल्लाता. बाकीचे तिन्ही तं बिलकुल चांगले होते. मी सोता तोलले."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, ते धरलंय ना कॉम्प्युटरनं?"

मला माहीत नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मशीन रिकाम्या घराचं काय करतं हा प्रश्नच मला पडला नव्हता. नवीन सुनेला पाहुण्यांसमोर मीठ घातलंय ना विचारलं की ती मान हलवते, तशी माझी मान हलली.

"हो सर."

मामा माझ्याकडं वळले. "बाई, म्या जिथं काई लिव्हलं न्हाई, तिथं तुमच्या मशीननं काय वाचलं?"

अख्ख्या फार्मवर, साहेबांसकट, हा प्रश्न विचारणारा माणूस एकच होता आणि तो चौथी शिकलेला होता. आणि मी त्याला काय उत्तर दिलं? हसून म्हणाले, "मामा, मशीन जे लिहिलंय तेच वाचतं. माणसासारखं मनानं काही घालत नाही."

साहेबही हसले. मामांनी टोपी डोक्यावर घातली.

"मंग बरंय," म्हणाले आणि गेले.

काढून टाकलेल्या वाणांचं उरलेलं धान्य फार्मवरच्या लोकांत वाटून टाकायची पद्धत होती. अट एकच: खायचं, पेरायचं नाही. कंपनीच्या वाणाचं बी बाहेर पेरलं तर नोकरी गेलीच. तशी सही किंवा अंगठा घेत. मामांनी तेवीस नंबरची पिशवी मागून घेतली, सही केली आणि शनिवारी गावाकडं नेली. कोठीत तिचं बी म्हणून काही ठेवलं नाही. हरलेल्या वाणाला जागा कोण देतो.

भोगीच्या दुसऱ्या दिवशी मामा परत आले ते फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन. तीळ लावलेल्या, बाजरीच्या, वर वांग्या-हरभऱ्याची मिसळीची भाजी.

"घ्या बाई. आमच्या घरच्यानी तुमच्यासाठी धाडली. तेवीस नंबरची हाये."

मी दीड भाकरी खाल्ली. "मामा, गोड आहे हो."

"गोडच होती ती," मामा म्हणाले.

त्यात टोमणा होता का? मी कितीदा तरी तो आवाज आठवून बघितलाय. नव्हता बहुतेक. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

फेब्रुवारीत साहेबांनी फार्मवरच्या पावसाचं रजिस्टर माझ्यापुढं टाकलं. पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी मोजून लिहिलेलं, सहा वर्षांचं. "प्रत्येक वारी सरासरी किती पाऊस पडतो ते काढा, गंमत म्हणून," ते म्हणाले. मी आता तयारीची झाले होते. चार-चार घरं, आकडे घातले, बटण दाबलं. सोमवारी अमुक, मंगळवारी तमुक, आणि रविवारी शून्य. सहा वर्षांत एकाही रविवारी जालन्यात थेंब नाही!

मी खोखो हसले. पळत जाऊन वायरमनला दाखवलं, कोठीवरच्या बाईंना दाखवलं. "बघा, आमच्या जालन्याचा पाऊस सरकारी नोकर आहे. रविवारी सुट्टी घेतो." सगळे हसले. कोठीवरच्या बाई म्हणाल्या, "अवो, रविवारी वाचणारा माणूसच येत न्हाई. ते घर रिकामंच राहतं."

मी हसत हसत परत खोलीकडं निघाले. दाराशी चपला काढायला थांबले. एक चप्पल काढली आणि दुसरी पायातच राहिली.

खळ्याची वही कपाटात होती. तेवीस नंबरचं पान. तीन आकडे आणि एक मोकळं घर, बाजूला 'डुकरं'. मी पेन्सिल घेतली आणि तीनच आकड्यांची सरासरी काढली, हातानं, शाळेत शिकवतात तशी. मग चार धरून, मोकळ्या घराला शून्य मानून. मशीनच्या कागदावर होता तो हाच, शून्य धरून आलेला आकडा. दशांशासकट तोच. आणि तीन वाफ्यांची सरासरी सगळ्या वाणांत पहिली आली होती.

मशीननं मनानं घातलं होतं. जे मामांनी सात वर्षांत एकदाही कागदावर येऊ दिलं नव्हतं, ते शून्य मशीननं त्यांच्या नावापुढं लिहिलं होतं, आणि मी त्याला 'हो सर' म्हणून साक्ष दिली होती.

इथून पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण ते सोडून दिलं तर ह्या लिखाणाला काही अर्थ नाही. मी लगेच साहेबांकडं गेले नाही. माझे सहा महिने संपायला पंधरा दिवस राहिले होते. साहेबांनी वरच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं आणि माझं कौतुक कळवलं होतं. मी तीन दिवस गप्प राहिले. मामा समोर आले की म्हणायची, "काय मामा, बरंय ना?" आणि तिसऱ्या दिवशी मला एक विचार सुचला, आणि त्यानं मला चक्क हलकं वाटलं. तेवीस नंबरचं बी कुठंच उरलं नसेल, सगळं दळून खाल्लं असेल, तर आता सांगून उपयोग काय? बी नाही तर चूक सुधारता येणार नाही. आणि सुधारता येत नाही ती चूक सांगायची कशाला?

म्हणून शनिवारी मी धावड्याला गेले. चूक सांगायला नाही. बी संपलंय ना, ते बघायला.

जालना, भोकरदन, तिथून दुसरी गाडी. मामा सकाळीच पुढं गेले होते. घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात मामांची बायको पापडाचं वाळवण राखत बसली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला.

"या बाई, या. तुमचंच तं नाव घेऊन राह्यलेते हे. सांगून याचं ना, वाइच गोडधोड केलं असतं."

पाणी प्याले. इकडचं तिकडचं बोलले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामी, ती भोगीची बाजरी फार छान होती. आहे का अजून?"

"अवो कुठली! परवाच शेवटचं दळान केलं. खानारे तोंडं कमी हायेत का घरात?"

मी सुटले. आणि त्याच क्षणी मला स्वतःची इतकी किळस आली की हातातला तांब्या खाली ठेवावा लागला. बाहेरून मामा आले, हातात विळा, आणि मला बघून थबकले.

"बाई? हितं कशा काय आल्या?"

"सहज," असं म्हणून मी निघून येऊ शकले असते. शेवटची गाडी चारला होती. तोंड उघडलं ते 'सहज' म्हणायलाच. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"मामा, मशीननं तिथं शून्य वाचलं."

मामा खाली बसले. विळा बाजूला ठेवला. बराच वेळ जमिनीवरचा एक काडीचा तुकडा उचलून त्याचे बारीक बारीक तुकडे करत राहिले.

"मला वाटलंच व्हतं," शेवटी म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं ना म्या तुम्हाला. तुम्ही म्हनल्या, मशीन मनानं घालत न्हाई. मंग म्या म्हनलं, शिकल्यासवरल्या हायेत, खरंच आसंल."

"तीन वाफ्यांवर ती पहिली येते, मामा. सगळ्यात पहिली. आणि आता बी पण राहिलं नाही..." मी रडले असं लिहायला पाहिजे, पण मी नाक पुसत होते आणि मामी मला म्हणत होती, "धूळ लई हाय आमच्याकडं."

मामा उठून आत गेले. मामी एकदम ताठ झाली. "अवो, नका आनू," ती हळू आवाजात म्हणाली. "नोकरी जाईन." तेव्हा मला कळलं की आत काहीतरी आहे.

मामा एक लहान मडकं घेऊन आले. तोंडाला फडकं बांधलेलं. सोडून आत हात घातला, कीड लागू नये म्हणून बियाण्यात घालतात ती राख झटकली आणि ओंजळभर बाजरी माझ्यापुढं धरली. राखाडी, टपोरी.

"बी कोनी खातं का बाई," ते म्हणाले. "आधी बी काढून ठिवायचं, मंग राहिलेलं दळायचं. आमच्याकडं तसंच करतेत. सही केली ती खान्याच्या धान्याची केली. हे खायचं न्हवतंच."

मामी म्हणाली, "हे आसं साहेबाला सांगून बघा बरं!"

मामांनी मडकं माझ्याकडं सरकवलं. "न्या तुम्ही. साहेबाला काय सांगायचं ते तुमच्यावर. माझं नाव घ्या, न्हाईतर न घ्या."

परतीच्या गाडीत मडकं माझ्या मांडीवर होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "लोनचं हाय का?" मी म्हणाले, "हो." खोटं बोलायची सवय अशी एका दिवसात जात नाही.

सोमवारी साहेबांसमोर दोन कागद ठेवले. एक मशीनचा, एक हातानं काढलेला. आणि पावसाचा तिसरा, कारण तो बघितल्यावर कुणालाही समजतं. साहेबांनी तिन्ही वाचले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी तुम्हाला विचारलं होतं, बाई. तुम्ही हो म्हणालात."

"म्हणाले, सर. मला माहीत नव्हतं तरी म्हणाले."

"वरच्या ऑफिसला काय सांगू मी?"

मी मडकं टेबलावर ठेवलं. म्हणाले, "मामांच्या घरी खायच्या धान्यात तळाला थोडं राहिलं होतं. मी मागून आणलं."

साहेबांनी आत बोट घातलं. बोटाला राख लागली. "खायचं धान्य राखेत ठेवतात?"

"आमच्याकडं ठेवतात, सर," मी म्हणाले. "हसनाबादला तर सर्रास."

साहेबांनी बोट रुमालाला पुसलं. पुण्याकडच्या माणसाला ते पटलं की त्यांनी पटवून घेतलं, मला आजतागायत माहीत नाही. मडकं कोठीत गेलं. मला तीन महिने आणखी परीक्षेवर ठेवलं. जून महिन्यात तेवीस नंबर परत चार वाफ्यांत पेरली.

आता इथं मला लिहायला आवडलं असतं की ती पहिली आली. नाही आली. त्या वर्षी बाजरीवर गोसावी पडला. गोसावी म्हणजे तो रोग, ज्यात कणसाच्या जागी दाणे न येता हिरव्या पानांची जटाच फुटते. सगळ्याच वाणांवर थोडा होता, तेवीसवर जास्त. काढणीनंतर मी निकाल काढला, पण ह्या वेळी आधी आत घातलेला प्रत्येक आकडा छापला आणि तो लांबलचक कागद मामांपुढं पसरला. जिथं वाफा वाया गेला होता, तिथं मी उणे नव्याण्णव लिहिलं होतं आणि मशीनला सांगितलं होतं की हा आकडा दिसला की ते घर मोजायचं नाही.

मामांनी बोट ठेवलं. "हे काय?"

"काही नाही असं सांगायला लागतं मशीनला."

"आवो बाई, म्या शून्य लिव्हायचं न्हाई म्हनलं, तं तुम्ही शून्याच्या बी खाली गेल्या!"

मग त्यांनी तेवीसची ओळ शोधली. चारही घरं भरलेली होती. एकेक आकडा त्यांनी ओठ हलवत वाचला, खळ्याच्या वहीशी ताडून बघितला. वाण नववा होता. त्यांनी कागदाची घडी केली.

"आता बराबर हारली," म्हणाले.

मला ते अजून बराबर वाटत नाही. आधल्या वर्षी गोसावी नव्हता. आधल्या वर्षीच्या आकड्यांवर ती पहिली होती, तिची रजिस्टरात नोंद झाली असती, आणि पुढं ती रोगानं पडली असती तरी लिहिलेलं नाव कुणी खोडलं नसतं. चूक माझी, मला तीन महिने जास्तीचे मिळाले आणि मग कायमची नोकरी. मामांची चूक काहीच नव्हती. त्यांचा रकाना मोकळा राहिला तो राहिलाच. पुढं साहेब बदलून गेले आणि ते रजिस्टरही.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं फोरट्रान लिहिलं, अगदी दोन हजार सालानंतरही, जेव्हा नवी मुलं त्याला हसायला लागली होती. प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत, पहिल्या घरात 'सी' आणि पुढं इंग्रजी अक्षरांत मामांचं नाव आणि गाव. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा छापून त्यांना दाखवलं, कारण रजिस्टर दाखवणं काही मला जमलं नव्हतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, मी बोट ठेवून वाचून दाखवलं.

"मशीन वाचतं का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. ही ओळ मशीन सोडून देतं. ही फक्त माणसांनी वाचायची असते."

मामांनी टोपी सारखी केली.

"मंग ठीकाय," म्हणाले. "मशीननं वाचलं असतं तं माझंबी शून्य केलं असतं."